बिननेढ्याची सुई

राजारामपुरीतल्या ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात निंगव्वा सुनेबरोबर आली. अंगावरनं वारं गेल्यापासून वाकळा शिवणारा तिचा उजवा हात बधिर होता. गरोदर नात शिवलीला बंगळुरात. बाळंतपण तिकडंच म्हणालेली, बाळाची वाकळ अर्धीच राहिलेली. डॉक्टरीणबाईंनी केसाएवढी सुई काढली. "अगं बया, हिला नेढंच न्हाय की! दोरा कुठनं ओवायचा?" "शिवायचं नाही आज्जी, हात जागा करायचाय. फारसं दुखणार नाही." "दुखू दे की! त्यापायीच आलोय." नऊ खेपा झाल्या, हात गप्पच. दहाव्या खेपेला सुया टोचल्यावर ती डोळे मिटून पडली. तिला आठवलं, आज्जीला नेढं दिसत नाही म्हणून लहानपणी शिवलीला शाळेला निघताना पाच सुया ओवून ठेवायची. तेवढ्यात अंगठ्याजवळ मुंगी चावल्यागत झालं. "दुखलं गं, दुखलं!" निंगव्वा हसली. सुनेला म्हणाली, "शिवलीलाला फोन लाव. म्हणावं, वाकळ राहिलीया, सुया ओवायला ये."