विहिरीवरची हाक

अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या सूर्यभानजींना आपलं शेत पुन्हा दिसावं, म्हणून पौर्णिमानं तिथं जाऊन चहूबाजूंचा व्हिडिओ काढून आणला. जठारपेठेतल्या घरी रोज दुपारी ती मोबाइल व्हीआर चष्म्यात बसवायची आणि तो वडिलांच्या डोळ्यांवर चढवायची.

त्या दिवशी ती मोबाइल घेऊन बाजारात गेली. परतली तर वडील रिकामाच चष्मा लावून हसत होते.

"बाबा, काय पाहून राहिले तुमी? मोबाइल तं माह्याजवळ हाये."

"पौर्णिमा विहिरीवरून हाक मारून राहिली."

"मी इथंच आहो, बाबा!" तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

वडिलांचं हसू मावळलं.

रिकाम्या चष्म्यातून तिचाच आवाज आला, "बाबा, तिचा हात सोडा."