यंत्राची माफी

जावा बेटावरच्या आमच्या दवाखान्यातलं यंत्र बेडक्यातून क्षयाच्या जंतूंचा डीएनए आपोआप काढतं आणि कुठलं औषध लागू पडेल ते सांगतं. बेडका मात्र माणसालाच काढावा लागतो. तीन महिने गोळ्या खाऊनही तुमिराह आजींचा खोकला हटेना, नातीला जवळ घेता येईना. तरी दोनदा त्यांनी डबीत स्वच्छ लाळच दिली. “आजी, छातीतलं हवं,” तंत्रज्ञ लारास म्हणाली. “शिकलेल्या पोरीच्या हातात असली घाण देऊ?” “मी बघत नाही, यंत्र बघतं.” “मग त्या बिचाऱ्यानं काय पाप केलंय?” शेवटी आजींनी अंगणात खोकून डबी भरली आणि केळीच्या पानात बांधून आणली. “माझ्यातर्फे त्याची माफी माग.” लारासने यंत्रापुढे कमरेत वाकून मगच बटण दाबलं. दोन तासांनी आजींनी दबकत विचारलं, “रागावला का गं तो?” “नाही आजी. औषध बदला म्हणाला.”