नुसतं बघण्यापुरतं

पुसलेले फोटो एकेक करून स्क्रीनवर परत येत होते आणि दुरुस्तीवाल्याच्या मनात पाल चुकचुकत होती. तीन महिन्यांत काकूंची हार्ड डिस्क तो चौथ्यांदा जोडत होता. दरवेळी दोघींचेच फोटो गेलेले असायचे, सुनेचे आणि चार वर्षांच्या नातीचे. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी, काकांची स्कूटर, मुलाचा पहिला दात, यांना कुणी हात लावला नव्हता.

काकू मांडीवर पर्स घट्ट धरून स्टुलावर बसल्या होत्या. एके काळी या बाईला गावातले सहाशे नंबर तोंडपाठ होते. आजही आल्या आल्या त्यांनी या दुकानाचा जुना चार आकडी नंबर म्हणून दाखवला. वर, तुझे वडील इतक्या मोठ्याने बोलायचे की त्यांना फोनची गरजच नव्हती, हेही ऐकवलं.

घरात त्या आणि त्यांची नणंद. दोघींचे कॉम्प्युटर दोन वेगळ्या कंपन्यांचे, एक काळा, एक चंदेरी. डिस्क मात्र दोघींत एक. नणंदेचं सुनेशी पहिल्यापासून पटलं नव्हतं, हे काकूंनीच मागे सांगितलेलं. पाणी कुठे मुरतंय, ते दुरुस्तीवाल्याला दिसत होतं. पण एवढ्या मोठ्या बाईंच्या घरातलं तोंडावर बोलायचं कसं?

त्याने आडून सुचवलं. सगळं आपल्याकडे उतरवून घेऊन डिस्क नव्याने फॉरमॅट करता येईल. फॉरमॅट दोन तऱ्हेचे. पहिल्यात दोन्ही कॉम्प्युटरवर फोटो ठेवताही येतात, पुसताही येतात. दुसऱ्यात काळ्यावर सगळं चालतं, चंदेरीवर मात्र फोटो नुसते दिसतात. पुसायला गेलं तरी पुसत नाहीत.

काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. दुसरा कर, म्हणाल्या.

त्याला हायसं वाटलं. नणंदबाई दोन दिवस चिडतील, मग होईल सवय, असं तो हसत म्हणाला.

"चंदेरी माझा आहे," काकू म्हणाल्या.

 स्क्रीनवर सून नातीला घेऊन काकूंच्याच आरामखुर्चीत बसली होती. काकू तिच्याकडे लक्ष देऊन बघत होत्या.

"ही कोण बाई माझ्या खुर्चीत, असं होतं मला. मग उडवून टाकते. नणंद बिचारी समजावते, वहिनी, सून आहे हो तुमची. नणंदेनेच तर मला दरवेळी तुझ्याकडे पाठवलं."

दुरुस्तीवाल्याने सगळे फोटो आपल्याकडे उतरवून घेतले. त्याने दुसरा फॉरमॅट निवडला आणि बटण दाबलं.

"पुढच्या आठवड्यात मी येईन," काकू पर्स उचलत म्हणाल्या. "फोटो पुसता येत नाहीत म्हणून तुझ्याशी भांडेन. तेव्हा माझं ऐकू नकोस."