मोडतोडीचे फोटो

रोज घरातल्या एका सुंदर गोष्टीचा फोटो काढायचा, असं वसुधाने ठरवलं. पहिल्याच दिवशी ती मोबाइल घेऊन चंडीगडजवळच्या एयरोसिटीतल्या नव्याकोऱ्या फ्लॅटभर फिरली. सगळं इतकं चकचकीत होतं, की फोटो काढावासा वाटेना.

"जुन्या क्वार्टर्सचे तरी फोटो हवे होते," ती म्हणाली. "इथे होतो तेव्हाही आपण काढले ते सगळे सुखना लेकवर नाहीतर रॉक गार्डनमध्ये उभं राहून."

"आहेत की," म्हणत तिच्या नवऱ्याने, माधवने कपाटातून एक जाड पाकीट काढलं. एअरफोर्समध्ये असताना दर बदलीला क्वार्टर परत करावं लागे. नंतर वाद नको, म्हणून निघण्याआधी तो घरातल्या मोडतोडीचे फोटो काढून ठेवायचा. जोधपूरच्या ओट्यावर गरम कढईचा गोल डाग. तेजपूरला मांजरीने ओरबाडलेली दाराची जाळी. इथल्या, चंडीगडच्या क्वार्टरची भिंत आणि तिच्यावर कश्मिराने रंगीत खडूने काढलेली लांबच लांब आगगाडी.

"केवढा ओरडला होतास लेकीला," वसुधा आगगाडीवरून बोट फिरवत म्हणाली.

माधवने बाकीचे फोटो पाकिटात भरले; तो एक बाहेरच ठेवला.

रविवारी कश्मिरा तिच्या छोटीला घेऊन आली. चहा गाळून होईपर्यंत छोटी खडू घेऊन हॉलच्या भिंतीशी पोचली होती.

"दीवार पे नहीं, बेटा! नया पेंट है!" कश्मिरा धावली.

माधवने कश्मिराला हाताला धरून थांबवलं.

"काढू दे गं तिला. हे घर आपल्याला कुणाला परत द्यायचं नाहीये."