गिअरबॉक्सचा कुलर

निरगुडसरच्या दादाभाऊंची ऑटोमॅटिक पिकप गेल्या वर्षीच्या मिरवणुकीत वेशीतच बंद पडली होती. डीजेची ट्रॉली ओढत मुंगीच्या पावलांनी चालायचं म्हटल्यावर गिअरबॉक्स तापणारच. "रामदास, पार इज्जत गेली राव! काय बी कर, पण गाडी तापता कामा न्हाई," म्हणत त्यांनी ती माझ्या गॅरेजात आणली. मी गिअरबॉक्सचं तेल गार करणारा जादा कुलर बसवला, वर त्याला वेगळा पंखाही दिला.

यंदा त्यांच्या हिऱ्या बैलानं यात्रेतल्या शर्यतीत पहिला नंबर काढला आणि भर उन्हात मिरवणूक निघाली. पुढं पिकप, तिच्यामागं डीजे आणि त्या स्पीकरच्या तोंडाशी हिऱ्या. नाकातोंडात गुलाल, अंगावर जाड झूल. गाडी थांबत नव्हती, म्हणून मिरवणूकही थांबत नव्हती. हिऱ्याची जीभ बाहेर आलेली बघून मी ओरडलो, "भाऊ, बैलाला पाणी पाजा, सावलीला घ्या!"

"आरं, पोरं आत्ता कुठं रंगात आलीत," म्हणत दादाभाऊंनी माझ्याही तोंडाला गुलाल फासला.

देवळासमोर हिऱ्यानं गुडघे टेकले, तोंडातून फेस गाळला आणि मान टाकली, ती पुन्हा उचललीच नाही. डीजे बंद झाला. दादाभाऊ उतरलेल्या चेहऱ्यानं माझ्याजवळ आले आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवला.



"रामदास, ह्याला दोर बांधून ओढत नेला, तर गाडी तापायची न्हाई ना?"