खाली येणारा कटर

रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गणराजने मोटरची वायर उपटली, तरी मशीनचा कटर खाली येतच राहिला.

भोसरीतल्या त्या गाळ्यात तो आणि त्याची बायको स्वप्नाली, दोघंच होते. भंगारातून आणलेल्या, लोखंड कापायच्या जुन्या मिलिंग मशीनला मोटर आणि कंट्रोलर बसवून ते कॉम्प्युटरवर चालवायचं, हा त्याचा सुट्टीचा छंद. स्वप्नाली कटरखाली हात घालून मोजमापाची डायल धरून होती आणि वाकून काटा वाचत होती.

“तुमच्या या धुडापेक्षा माझं शिलाई मशीन बरं. सांगितल्यावर थांबतं तरी,” ती म्हणाली.

गणराजने लाल बटण दाबलं. पॅनेलवरचे सगळे दिवे गेले.

वजनाने घसरला असता, तर कटर एकदम आदळला असता. हा सावकाश, एका लयीत येत होता. कटर वरखाली करायचं वरचं हँडल कुणी हाताने फिरवावं तसं फिरत होतं.

“स्वप्ना, हात काढ.”

“काढते की. आधी माझं मनगट तर सोडा,” काट्यावरची नजर न हलवता ती म्हणाली.

गणराज पॅनेलपाशी उभा होता, तिच्यापासून चार पावलांवर. कटर आणि तिच्या हातामध्ये दोन बोटांचं अंतर उरलं होतं.