स्वस्तातला माल

"थू! हा शॉकअप आहे की बायजीचा पानाचा डबा?"

देवजीबाबाने तलासरीहून आणलेला, खड्ड्यांचे दणके झेलणारा नवाकोरा शॉकअप दोन्ही हातांनी चाचपला, नाकाशी नेऊन हुंगला आणि जीपच्या बॉनेटवर आपटला. गेला महिनाभर उमेश बापाचं हेच ऐकत होता. कंपनीचे आणतो म्हटलं, तर "म्हातारीला सोन्याचे पैंजण कशाला?" वापीच्या भंगारात जुने पण बरे दिसले, तर "मेलेल्याचे गुडघे मला नकोत." शेवटी परवडणारे, साधे, पण नवे आणले, तर पानाचा डबा.

जयवंतीच्या डोक्यात तिडीक गेली. हा सासरा म्हणजे दारातला दगड. स्वतः हलायचं नाही, दुसऱ्याला ठेचा. कासाच्या बाजारातून पाड्यांवर माणसं नेणारी ही जीप त्याने जन्मभर चालवली, हे खरं. पण एके दिवशी "कंटाळा आला" म्हणून स्टिअरिंग उमेशच्या हाती दिलं ना? मग घरी बसावं. तेही नाही. रोज पुढच्या डाव्या सीटवर हा हजर. खड्डा बसला की पुढच्याच क्षणाला हाळी: "वडपाडा! उतरा, हात हलवा, गाडी तुमच्या बापाची नाही!"

घरी बसलेल्यांची तर त्याला किळस. "तो चैत्या बघा," तो म्हणायचा, "डोळे गेले आणि ओट्यावर कोंबड्या राखत बसला. सून भरवते, हा गिळतो. थू! त्यापेक्षा सरण बरं."

इकडे गिऱ्हाईक तुटत होतं. हाडं मोजून घ्यायची असतील तर देवजीच्या गाडीत बसा, असं बाजारात बोललं जायचं. जयवंतीच्या मांडीवरची रविना दर खड्ड्याला दचकून रडायची. पोरीला डोस पाजून आणायचं म्हटलं तरी जयवंती आज-उद्या करत राहायची.

"तू बसव रे," ती उमेशला म्हणाली. "यांचं ऐकत राहिलास तर रविनाच्या लग्नातही हेच शॉकअप असतील."

चारोटीच्या मिस्त्रीने दोन्ही पुढचे बदलले. "जोडीनेच घालायचे," तो म्हणाला. "एकाच बाजूचा बदलला तर गाडी लंगडते." जुने काढलेले उमेशने गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटखाली टाकले.

पहिल्याच फेरीला गाडी कशी पाण्यावरून गेल्यासारखी चालली. रविना झोपून गेली. मागे पानाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली शेजारची बायजी म्हणाली, "अगो, पोटातला चहा हालला नाय!" जयवंतीने सासऱ्याच्या मानेकडे विजयाने पाहिलं. आता बोल, म्हाताऱ्या.

म्हातारा बोलत नव्हता. वडपाड्याच्या अलीकडची ओढ्यावरची मोरी आली, वडपाडा आला, तरी हाळी नाही. शेवटी माणसांनीच पत्रा बडवून गाडी थांबवली. रुसलाय, जयवंतीला वाटलं. रुसू दे.

पुढे सूर्या नदीचा पूल लागला. मधल्या सांध्यावर गाडी जराशी ठेचकाळली, आणि बाबा एकदम ओरडला, "खडकीपाडा! उतरा, हात हलवा!"

खाली पाणी चमकत होतं.

"उतरते की," बायजी म्हणाली. "जाळं दे फक्त, येताना मासळी आणते!"

सगळी जीप हसली.

"थट्टा कळत नाय तुम्हाला, माकडांनो!" बाबा खेकसला.

हसायला उघडलेलं जयवंतीचं तोंड तसंच राहिलं. उतरतं ऊन काचेतून सरळ आत येत होतं. उमेशने डोळ्यांवर हात धरला होता, तिने स्वतःचे डोळे बारीक केले होते. समोरच्या आरशात तिला बाबा दिसला; तो त्या सूर्याकडे टक्क बघत होता. पापणी हलत नव्हती. त्याचा तळहात मात्र डॅशबोर्डवर फिरत होता, विहिरीत पडलेली कळशी गळाने शोधावी तसा.

तिला बॉनेटवर आपटलेला शॉकअप आठवला. पिवळाधमक होता तो, हळदीच्या नवऱ्यासारखा. बाबाने त्याला नाही नाही ते म्हटलं. पिवळा म्हणून एकदाही हिणवलं नाही.

घराशी गाडी थांबली. बाबा उतरेना. बाकी माणसं पांगली, तेव्हा मान न वळवता त्याने विचारलं, अगदी हळू, "जयवंते, घर आलं का?"

"आलं, बाबा."

ती खाली उतरली, रविनाला खांद्यावर घेतलं आणि उमेशला गोठ्यामागे नेऊन सगळं सांगितलं. त्याने हातातलं दावं खुंटीला अडकवलं.

"डॉक्टरकडे न्यायला हवं," तो म्हणाला.

"नेऊच. मी नेते. पण तोवर त्यांच्या बाजूचा, डावीकडचा जुना परत घाल."

"एकच? मिस्त्री हसेल. गाडी लंगडेल."

"लंगडू दे. मी रविनाला घेऊन तुझ्या मागं बसेन."

दुसऱ्या दिवशी मोरीवर डावं चाक आदळलं. बाबाचं डोकं टपाला लागलं. मग त्याची पाठ ताठ झाली, छाती फुगली आणि हाळी साऱ्या रानात गेली:

"वडपाडा! उतरा, हात हलवा, गाडी तुमच्या बापाची नाही!"

मग तो उमेशच्या बाजूला वळला. आवाजात ठासून भरलेला तिरस्कार परत आला होता.

"मेला ना एका दिवसात तुझा शॉकअप? सांगत होतो, स्वस्तातला माल आहे. घेताना डोळे फुटले होते काय रे तुझे?"

जयवंतीने मागून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो बाबा," उमेश म्हणाला. "दिसलंच नाही मला."